चार माणसांचा घडा

दोन हजार आठच्या मंदीत दुबईतल्या आमच्या इंटिरियर डिझाइनच्या ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी झाली. माझी नोकरी टिकली, कारण अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरच्या एका टॉवरच्या लॉबीचं काम माझ्याकडे होतं आणि मालकांनी ते थांबवलं नव्हतं. माणसं कमी केली, घाई मात्र तशीच ठेवली. एका दुपारी माल चढवायचा पाळणा माणसांसकट खाली आला. चौघे गेले. त्यातला एक माझ्या लॉबीत संगमरवर बसवायचा. मूळचा बिहारचा. माझ्या थर्मासमधला चहा हक्काने मागून प्यायचा आणि वर साखर कमी आहे म्हणून कुरकुरायचा.

दोनच दिवसांत काम पुन्हा सुरू झालं. मीटिंगमध्ये या सगळ्याला एकच शब्द वापरला गेला, 'डिले'. माणसं मेली, आणि यांच्या लेखी तो डिले!

तेव्हा मी रास अल खोरच्या एका वर्कशॉपमध्ये दर शुक्रवारी मातीकाम शिकायला जायचे. शिकवणाऱ्या बाई अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोच्या, तिथल्या मूळच्या प्वेब्लो समाजातल्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे दुबईत आलेल्या. त्या चाक वापरत नसत. मातीच्या वळ्या एकीवर एक रचून हातानेच घडा उभा करायच्या. त्या शुक्रवारी माझ्या हातून काहीच धड होईना, तेव्हा त्यांनी कारण विचारलं. मी तावातावाने सगळं सांगितलं.

"त्यांची आठवण कुठे ठेवली आहे?" त्यांनी विचारलं.

"कुठेच नाही."

त्या म्हणाल्या, "आमच्या गावातली माणसं खाणीत मेली, तेव्हा खाणवाल्यांनी विसरून जायचं ठरवलं होतं. माझ्या आईने त्यांच्यासाठी घडा केला. तो अजून घरात आहे."

मग त्यांनी या चौघांसाठी घडा करायला घेतला. पांढऱ्या मातीचा लेप दिला, गोट्याने घासघासून चकाकी आणली आणि काळ्या रंगात हेल्मेट घातलेली चार माणसं काढली, हातात हात घालून घड्याच्या पोटाभोवती उभी. गळ्याशी एक रेघ फिरवली, पण तिची टोकं मुद्दाम जुळवली नाहीत. "ही वाट मोकळी ठेवायची असते," एवढंच म्हणाल्या. शहराबाहेर वाळवंटात चक्क गोवऱ्या रचून तो भाजला. मला साताऱ्याकडच्या कुंभारवाड्याचा वास आला.

घडा त्यांनी टॉवरच्या लॉबीसाठी दिला. एक दिरहमही घेतला नाही. अट एकच: तो कोणासाठी केला आहे ते शेजारी पाटीवर लिहायचं. टॉवरच्या मॅनेजरने माझ्यासमोर मान डोलावली. "इन्शाल्ला, मॅडम."

काम रखडत पुरं व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर बाई मायदेशी परतल्या होत्या. उद्घाटनाला मी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन गेले. घडा होता. त्यात प्लास्टिकची ऑर्किड खोचली होती आणि शेजारच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं, 'वाळवंटाची शांती'. वर कोणीतरी गळ्याची ती मोकळी रेघ मार्करने जोडून टाकली होती!

माझं डोकंच फिरलं. मी मॅनेजरला गाठलं. "पाटी कुठे आहे?"

"मॅडम, यहाँ फॅमिलीज रहती हैं. मरे हुए लोगों की बात लॉबी में कौन पढ़ेगा?"

"आणि ही रेघ?"

"फिनिशिंग अधूरी थी. हमने टच-अप करवा दिया."

"ज्यांनी ही लॉबी बांधली त्यांची आठवण तुम्हाला घाण वाटते का?" मी चक्क मराठीत ओरडले. आजूबाजूचे सूटवाले वळून बघायला लागले. मुलगी म्हणाली, "Aai, people are looking."

"बघू देत!"

मी ऑर्किड उपसून काउंटरवर टाकली आणि घडा उचलला. मॅनेजर आधी "सिक्युरिटी" म्हणाला, मग पाहुण्यांकडे बघून आवाज खाली आणला. "खलास, ले जाइए. दूसरा रख देंगे."

दूसरा! जसा काही फ्लॉवरपॉटच.

दुबईत करामाच्या घरी येईपर्यंत टॅक्सीत घडा माझ्या मांडीवर होता. मग मुलीनेच टिश्यू ओला करून मार्कर पुसायला घेतला. शाई निघाली, थोडा करडा डाग राहिला. बाईंना फोन केला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "डाग राहू दे. त्यांनी काय केलं तेही दिसायला हवं."

पुढच्या शुक्रवारी मी त्या संगमरवरवाल्याच्या भावाला बोलावलं. तो शारजात प्लंबिंग करायचा. भावाचं सामान त्यानेच गावी नेलं होतं. चहा तसाच ठेवून तो घड्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने घडा हळूहळू फिरवला.

"इनमें मेरा भाई कौन सा है?"

चौघेही सारखेच काढलेले.

त्याने पुन्हा एकदा घडा फिरवला आणि एका आकृतीवर बोट ठेवलं. "ये. ये थोड़ा टेढ़ा खड़ा है." मोबाइलवर फोटो काढून त्याने तिथूनच आईला पाठवला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडू येत नव्हतं. त्या लॉबीत जाऊन एकेका सूटवाल्याला हाताला धरून इथे आणावं आणि या माणसासमोर बसवावं, एवढंच वाटत होतं.