पोट गरम, पाय थंड

"तुहं आडनाव काय व माय?" लेकराच्या आजीनं इचारलं.

मी सांगितलं. लेकरू घ्याले माहे हात पुढं होते. अकोल्याचा दवाखाना, बाळंतिणींचा वॉर्ड, आमचं नर्सिंगचं दुसरं वर्ष. आजीनं दीड दिवसाचं लेकरू झटकन छातीशी ओढलं.

"त्या गोऱ्या पोरीले द्या."

गोरी पोरगी म्हंजे ऋचा. अमरावतीची, बाप डॉक्टर. मी पातूरकडची, बौद्धाची पोरगी. शिकवनाऱ्या मॅडम बाजूलेच उभ्या होत्या. आजीले समजवाचं सोडून मलेच म्हनल्या, "जाऊ दे गं. तू टॉवेल धर."

मी टॉवेल धरला. लाज वाटते सांगाले, पन धरला.

शिकाचं एवढंच होतं. हाताच्या मागच्या बाजूनं लेकराचं पोट पाहाचं, मंग तळपाय. दोन्ही गरम, तर ठीक. पोट गरम आन् पाय थंड, तर लेकरू गारठून राहिलं, लगेच मायच्या छातीशी द्याचं. हे पुस्तकात वाचून येत नाई, हातालेच कळावं लागते. ऋचाच्या हाताले कळत होतं. "मॅडम, पाय गार आहेत," म्हने, आन् बरोबर निघे. मले मात्र आडनाव इचारून कोन्याच घरच्यायनं लेकरू देल्लं नाई; मी महिनाभर प्लास्टिकच्या बाहुलीचे पाय चाचपले. ते बारा महिने थंडच.

खोटं कशाले बोलू? माह्या पोटात दुखे. तिचे हात पाहिले का जीव जळे. त्या पयल्या दिवशीच, टॉवेल धरल्या धरल्या, मुतावं लेकरानं हिच्या अंगावर, असं मी मनात म्हनलं. आन् मुतलंच! आजी खदखदा हासली, आपल्या पदरानं ऋचाचा अ‍ॅप्रन पुसाले लागली. अवं माय, त्या ओल्या अ‍ॅप्रनचाबी मले हेवा वाटला.

महिना सरल्यावर मॅडमनं माही प्रात्यक्षिकाची वही घेतली. दहा लेकरं तपासल्याचे दहा रकाने. पेन काढला.

"मॅडम, मी एकबी लेकरू तपासलं नाई."

"अगं, चालतं. सही नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही."

सही फुकट भेटून राहिली होती. मंग डोक्यात आलं, उद्या एखाद्या खेड्यात लेकरू गारठलं आन् माह्या हाताले कळलंच नाई तर? ते जीवानिशी जाईन. वरून लोक म्हनतीन, पाहा, यायले काई येत नाई. इतके दिवस मी ऋचावर जळली. टॉवेल तर मॅडमनं धरायले लावला होता.

मी वही ओढली. "सही नको. लेकरू द्या."

"आणि घरच्यांनी नाही दिलं तर?"

"त्यायले समजावनं तुमचं काम हाय मॅडम. तुमी नाई केलं, तर रकाने कोरे राहतीन. कोरे काहून, हे परीक्षकानं इचारलं का मी सगळ्यायसमोर सांगीन."

परीक्षा पुढच्या हप्त्यात हाय. लेकरू अजून भेटलं नाई. सहीबिगर बसू देल्लं नाई आन् साल गेलं, तर जाऊ द्या. मी कोरी वही घेऊनच परीक्षकासमोर जाऊन राहिली.