वरच्याला चाल परत

‘‘बोल रं पाद्र्या, कुठं ठिवू?’’

तात्या मारुतीच्या पारावर मांडी घालून बसलेला. मी खाली मातीत उभा. पाराच्या दगडावर नवकांकरीचा पट कोरलेला होता. एकात एक तीन चौकोन, नऊ खडे त्याचे, नऊ माझे. तीन खडे एका रेषेत आणले की समोरच्याचा एक खडा मारायचा. पण माझ्या खड्यांना मी हात लावायचा नाही. पाराला शिवायचं नाही. टाचा उंचावून पट बघायचा, जागा तोंडानं सांगायची. माझा खडा तात्या ठेवणार.

आम्ही पारनेर तालुक्यातल्या त्या गावातले ख्रिस्ती. आज्याच्या बापानं बाप्तिस्मा घेतलेला. रविवारी चर्चमध्ये पाळक सांगायचे, तुम्ही देवाची लेकरं. सोमवारी पाराजवळ गेलो की आम्ही होतो तेच.

तात्याला खेळता यायचं नाही. गावात सगळ्यांत जास्त बागायत त्याची, पण पुढची चाल दिसायची नाही. दुपारी जोडीला कोणी नसलं की मला हाक. फसला की आपला खडा उचलायचा. ‘‘ही न्हाई. परत.’’ माझं चुकलं आणि मी ‘परत’ म्हणालो की पारावरची माणसं हसायची. तात्या म्हणायचा, ‘‘तोंडातून गेलं, संपलं.’’

मला वाटलं, खेळच असा आहे.

आता पन्नाशी ओलांडली. एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. केडगावात रविवारचा प्रोग्रामिंगचा क्लास लावला. बाकी सगळी कॉलेजातली पोरं. शिकवणाऱ्या मॅडम राहात्याच्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सांगितलं, दोघांनी खेळायचा एक साधा खेळ करा. चित्रं नकोत, रंग नकोत, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. पोरांनी फुली-गोळा घेतला. मी नवकांकरी घेतली.

रेघा आणि टिंबांचा पट केला. जागेचा आकडा टाइप केला की खडा तिथं बसतो. चालू झाल्यावर दोन्ही बाजूंनी मी एकटाच खेळलो. माझा खडा पहिल्यांदा माझ्या बोटांनी बसत होता. डोळे भरून आले. त्या भरात मी काय लिहून ठेवलंय, ते मला दिसलं नाही.

मॅडमनी तो सर्व्हरवर चढवायला शिकवला. लिंक उघडली की काळा पडदा येतो. एकजण केडगावात, दुसरा कुठंही, दोघांपुढं एकच पट. मी लिंक गावच्या ग्रुपवर टाकली. तात्या आता नाही. त्याचा मुलगा बापू गावचा कारभारी. पहिला खेळाडू होऊन तो कोणाशी तरी खेळला, जिंकला आणि त्यानं लिहिलं, ‘एक नंबर. आपल्या पाराची शान.’ मी ते बायकोला वाचून दाखवलं. इतका आनंद झाला की आज त्याची किळस येते.

पुढच्या रविवारी क्लासमध्ये माझा खेळ लावला. दोन पोरं खेळायला बसली. पहिला चुकला, त्यानं ‘परत’ टाइप केलं, खडा मागे आला. मग दुसरा चुकला. त्यानंही ‘परत’ टाइप केलं. पडद्यावर आलं, ‘तुम्हाला चाल परत नाही.’

क्लास हसला.

‘‘काका, हा बग राहिलाय,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘बग नाही, मॅडम. नियमच आहे. पहिला म्हणजे वर बसलेला. त्याला परत घेता येतं.’’

‘‘वर म्हणजे कुठं?’’

त्यांनी सहज विचारलं होतं. मागून एकजण म्हणाला, ‘‘काकांचा सासरा खेळत असंल वर बसून.’’ पुन्हा हसू.

वर म्हणजे कुठं? काळ्या पडद्यावर वर नाही, खाली नाही. पार नाही. तात्या तर मातीत गेलाय. आणि त्याच्यासाठी मी रांगच्या रांग ओळी लिहिल्या होत्या. तो खोटं खेळायचा, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीत कळली. तीही हसणाऱ्या पोरांमुळं.

घरी जाऊन त्या ओळी काढल्या. पहिली चाल कोणाची, ते आता प्रोग्रामच नाणं उडवल्यासारखं ठरवतो. परत कोणालाच नाही. खेळ पुन्हा चढवला.

बापूचा फोन आला. ‘‘आरं, परत चालंना झालं. दुरुस्त कर.’’

‘‘दुरुस्तच केलंय, बापू. आता कोणालाच परत नाही.’’

‘‘मंग मजा काय?’’ तो हसला. ‘‘हे बघ, यात्रेत मोठ्ठा पडदा लावतोय. स्टेजवर तुझं नाव घेतो. शाल देऊ, नारळ देऊ. पयला डाव मी खेळंन. फकस्त आधी व्हतं तसं करून ठिव.’’

लपवत नाही. ‘बरं’ जिभेवर आलं होतं. त्या गावात, त्या माणसांसमोर माझं नाव लाउडस्पीकरवरून घेतलं जाणार होतं. मला ती शाल हवी होती. आतून भिकाऱ्यासारखी हवी होती.

‘‘नाही करणार,’’ मी म्हणालो.

‘‘लई शाना झाला का रं, पाद्र्या?’’

‘‘झालो.’’

त्यानं फोन ठेवला.

काय माणसं ही. एवढी जमीन, एवढे वाडे, एवढ्या मिशा, आणि दगडाच्या पटावर सरळ हरायची हिंमत नाही. बापाला नव्हती, मुलाला नाही. मातीत उभ्या पोराविरुद्ध खोटं खेळून जिंकायचं आणि त्याला शान म्हणायचं. मी अशा माणसांना आयुष्यभर घाबरलो.

पण तात्या माझ्या प्रोग्रामात येऊन काही लिहून गेला नव्हता. ते मी लिहिलं. कोणी मागितलं नव्हतं, कोणी धमकावलं नव्हतं. मी प्रेमानं लिहिलं. असलं आणखी काय काय माझ्यात आहे, ते शोधतोय. कंपनीत साहेब आला की हातातलं काम टाकून मी का उठतो? गावात गेलो की माझा आवाज का उतरतो? एकेक काढणार आहे. परवानगी मागणार नाही, कारणंही देणार नाही.

यात्रेत माझा खेळ लावायचा असेल तर दोघांना सारखा नियम. नाहीतर बापूनं तो पडदा कोरा ठेवावा.