सात घरांची यादी

संशोधनासाठी येणाऱ्या मुलामुलींच्या गावभेटींची व्यवस्था मी बघते. कोणत्या पाड्यात कधी जायचं, आधी फोन कोणाला करायचा, पाण्याच्या बाटल्या किती, सगळं वहीत. गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक मुलगी पीएचडीसाठी आली. जीवशास्त्र शिकलेली. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा रिपोर्ट हातात पडल्यावर घरात आणि लग्नाच्या बोलण्यांत काय बदलतं, हा तिचा विषय.

नवापूरच्या डोंगरातल्या एका पाड्यात सात जण बोलायला तयार झाले. सातही वाहक, म्हणजे स्वतः ठणठणीत, पण जोडीदारही वाहक निघाला तर मुलाला आजार होऊ शकतो. उगाच उलट फेरी नको म्हणून मी सात घरं चढणीच्या क्रमाने लावली. यादी पाहून मुलगी म्हणाली, ताई, पीएचडी तुम्हीच करा. मला ते पटलंही.

तीन घरं झाली. चौथ्याकडे निघालो, तर ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलणाऱ्या आजीने हाक मारली.

"बाई, मधली घरं सोडून सोडून चाललात. आमच्यात रक्त नाही का?"

शेजारणी हसल्या. चौथं घर ज्या तरुणीचं, तिची सोयरीक जुळत आली होती. रविवारी मुलाला मी स्वतः सांगेन, तोवर कुठे कळू देऊ नका, एवढीच तिची अट. वहीत ती मी खाली रेघ मारून लिहिली होती. आणि आता कुणाचं नाव न घेता, नुसत्या चालण्याने अख्ख्या पाड्याला वाहकांची घरं दाखवत निघाले होते. त्यात मुलाची आत्या याच पाड्यात दिलेली.

"चूक मन्ही शे," मी पुटपुटले. घाबरले की ‘माझी आहे’चं ‘मन्ही शे’ होतं, माझी अहिराणीच बाहेर येते.

मुलगी सरळ आजीशेजारी बसली आणि शेंगा सोलू लागली. "आजी, सगळ्याच घरी येणार आहोत. आता तुमचंच घर."

मग पाड्यातली तेवीसच्या तेवीस घरं केली. तपासणीला कोण गेलं, का गेलं नाही, एवढेच साधे प्रश्न सगळीकडे. उरलेल्या चौघांशी खरं बोलणं नंतर बाजाराच्या दिवशी, नवापुरात. घरं करायलाच दोन दिवस लागले. प्रत्येक घरी कोरा चहा. आत्याच्या घरचा सगळ्यात गोड. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, आता माझंच रक्त तपासा, चहाच निघेल.

सोमवारी त्या तरुणीचा फोन आला. मी विचारलं, सांगितलंस का?

"सांगितलं. आधी मीच सांगितलं, त्याला कुठूनच कळलं नव्हतं." मग म्हणाली, "तो विचारतोय, त्याची तपासणी कुठे होईल?"

मी दवाखान्याचा वार सांगितला, आधार कार्ड आणायला सांगितलं. आणखी काही आणायचं का, तिने विचारलं. मी म्हटलं, तूही ये सोबत.