रिकाम्या हातांची चीड

आमच्या दूध सोसायटीच्या चेरमनबाईंना माणूस रिकाम्या हातानं चाललेला दिसला की खपत नसे. "निघालाच हाय तर एवढं घेऊन जा," म्हणत त्या ओझं द्यायच्याच. दुष्काळाची पाहणी करायला आलेल्या पुढाऱ्याच्या जीपमध्ये त्यांनी एकदा दुधाचे कॅन चढवले, जाता जाता मांजरसुंब्याला उतरवा म्हणाल्या. त्यानंही मुकाट्यानं उतरवले. मी तर सोसायटीचा सेक्रेटरी, माझी काय कथा!

त्या उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या वस्तीची गुरं चाऱ्यावाचून बाजारात निघायची वेळ आली होती. सोसायटीनं माजलगावकडून उसाचे वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागवले, पण वर रस्ता नव्हता, ट्रक पायथ्यालाच थांबायचा. अशात पुण्याच्या काही मंडळींचा निरोप आला. दुष्काळासाठी ते आमचा डोंगर चढणार होते. जितके जण माथा गाठतील, त्या हिशेबानं त्यांचे ओळखीचे लोक चाऱ्याला देणगी देणार.

माझं डोकंच फिरलं. टोप्या, फलक, गाड्यांचं डिझेल, वर आमच्याच टँकरचं पाणी पिणार! तेवढ्या पैशात आणखी चारा नसता का आला? हौस आहे तर खुशाल चढा, गुरांच्या नावानं कशाला? मी बाईंना हे सगळं सुनावलं.

"तुमचं खरं हाय सेक्रेटरी," त्या म्हणाल्या. "पण चारा खाली पडलाय अन् ही माणसं वर चाललीत. रिकामी कशापायी जाऊ द्यायची?"

बाईंनी मंडळींना अट घातली: पाणी आपापलं आणायचं आणि डोक्यावर वाढ्यांची मोळी घेऊन चढायचं. आली बिचारी, चढली; बाई आणि मीही बरोबर होतो. निम्म्या वाटेत एका जाडजूड गृहस्थाचा पाय मुरगळला. माथा गाठला नाही तर आपली देणगी बुडेल म्हणून तो लंगडत पुढं निघाला. बाईंनी त्याला खडकावर बसवलं. "जनावर वाचवायला माणूस मोडायचा न्हाई," म्हणाल्या, आणि त्याची मोळी माझ्या डोक्यावर ठेवली. मान आठवडाभर दुखत होती.

पाऊस पडेपर्यंत दर रविवारी कुणी ना कुणी येत राहिलं. वस्तीवरचं एकही जनावर बाजारात गेलं नाही. असल्या चढायांत मिरवणंच फार, हे माझं मत आजही कायम आहे. तरी कुणी चढाईचं विचारायला आलं, की मी आधी वर काय पोचवायचं आहे ते बघतो.

बाई गेल्या त्या दिवशी सगळी वस्ती डोंगर उतरून आली, अगदी म्हातारीकोतारीसुद्धा. सरणासाठी प्रत्येकाच्या डोक्यावर गोवऱ्यांची पाटी होती, आपापल्या गोठ्यातल्या गोवऱ्यांची. मला रडू आवरेना. रिकाम्या हातानं एकही माणूस आला नव्हता.