बटण नसलेलं पान

लोणावळ्यातल्या एका हॉटेलात मी शब्द लिहायला आहे. ओळखपत्रावर या कामाला लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण काम साधं. हॉटेलच्या वेबसाइटवर कुठलं पान असावं आणि त्यावर काय लिहावं हे ठरवायचं. मग कोण आलं, कुठून आलं, कुठल्या पानावर रेंगाळलं आणि काही न घेता निघून गेलं, हे बघत बसायचं. म्हणजे दुकानाची पाटी रंगवायची आणि तिच्यामागे उभं राहून गिऱ्हाइकांची तोंडं न्याहाळायची. मराठीत एम.ए. केल्यावर कान्हे गावी आमच्या घरी सगळ्यांना वाटलं होतं, ही शिक्षिका होणार. मी मात्र ‘सह्याद्रीच्या कुशीत’ हे दोन शब्द वेबसाइटवरून हद्दपार करण्यात उमेदीची वर्षं घालवते आहे. लोणावळ्यातलं प्रत्येक हॉटेल सह्याद्रीच्या कुशीत असतं. हायवेला चिकटलेलंसुद्धा.

त्या वेबसाइटवर एकच पान मी मनापासून लिहिलं होतं. लोहगडवाडीतल्या एका मावशींच्या घरच्या जेवणाचं. किल्ल्याच्या वाटेवर टपऱ्यांची रांग आहे, पण मावशींचं घर त्या रांगेत नाही. ते आत, गोठ्यांच्या पलीकडे आहे आणि वाटेवरून दिसत नाही. भाताचं एक खाचर आणि येईल त्याला जेवण, यावर घर चालतं. आमचे पाहुणे किल्ला बघायला जायचे आणि जेवायचं कुठे म्हणून विचारायचे, तेव्हा मी ते पान केलं. पानावर मावशींच्या दारावरच्या रंगवलेल्या पाटीचा फोटो होता. फोन नंबर पाटीवरच होता. आणि शेवटी मावशींचा नियम: खिंडीत आल्यावर फोन करा, मग तवा ठेवला जाईल.

दुधिवरे खिंडीतून गाडी वाडीत पोचेपर्यंत पिठलं शिजतं आणि पहिली भाकरी फुगते. त्याआधी कितीही सख्ख्या माणसानं सांगितलं तरी मावशी पिठाला पाणी लावत नाहीत. डोंगरावर ढग उतरला की माणसं अर्ध्या वाटेतून माघारी फिरतात. येतो म्हणाला म्हणजे आला, असं तिथे कुणीच धरत नाही.

मग आमच्या शेठनी पुण्याहून एक सल्लागार आणला. हुशार मुलगा. एसी मुद्दाम वाढवून त्यात जाकीट घालून बसायचा. त्याचा सिद्धांत असा की ज्या पानावर बटण नाही ते पान म्हणजे दार नसलेलं दुकान. त्यानं मावशींच्या पानावर ‘जेवण बुक करा’ असं केशरी बटण बसवलं. बटण दाबायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे लोकांनी घरी सोफ्यावर बसून, आठवडाभर आधी, सढळ हातानं दाबलं.

एका शनिवारी बसभर माणसांचं जेवण बुक झालं. आमच्या काउंटरवरून मावशींना तसा निरोप गेला. हॉटेलचा निरोप म्हणून त्यांनी पहिल्यांदाच नियम मोडला आणि सकाळपासून चूल पेटवली. डोंगरावर ढग बसला. ती मंडळी लोणावळ्यातच भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसून कणसं खात राहिली. त्यांचा फोनही आला नाही. फोन करायचा नियम बटणाला कुठे माहीत होता?

सोमवारी मी वाडीत गेले. मावशी म्हणाल्या, “दोन दीस म्हशीनं पिठलं खाल्लं. तिला लय आवडलं. मला न्हाई आवडलं.”

“चुकलं मावशी.”

“ते बटान काढ. म्या त्या बटनाला वळखत न्हाई.”

मी त्याच संध्याकाळी बटण काढलं.

पुढे जे झालं त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. होता तो फक्त तक्ता. महिन्याच्या बैठकीत सल्लागारानं भिंतीवर तक्ता दाखवला आणि मावशींच्या पानावर लाल ठिपका ठेवला. लोक येतात, भरपूर वेळ वाचतात, काहीच दाबत नाहीत, निघून जातात. उपयोग शून्य. वर पाहुण्यांना हॉटेलबाहेर जेवायला पाठवतं. त्याऐवजी आपल्याच किचनमधून ‘फोर्ट लंच बॉक्स’ द्यावा.

“दाबायला तिथे काही नाहीच,” मी म्हणाले. “नंबर फोटोत आहे. लोक तो बघून बोटानं फिरवतात. ते तुमच्या तक्त्याला दिसत नाही.”

“मॅम, जे मोजता येत नाही ते सुधारता येत नाही.”

“ते सुधारायचं नाहीये. ते चांगलं आहे.”

मग मी दुसरी गोष्ट सांगितली. आठवड्याच्या मधल्या वारी, म्हणजे हॉटेल ओस पडलेलं असतं तेव्हा, दोन दोन रात्री राहणारे जे थोडे पाहुणे येतात, त्यांतले बरेच आधी हे पान वाचतात. दोन दिवसांनी वेबसाइटवर परत येतात आणि मग खोली घेतात. पण तक्ता सगळं श्रेय शेवटच्या पानाला देतो, जिथे पैसे भरतात तिथे. म्हणजे स्थळ सुचवलं एकानं, बोलणी केली दुसऱ्यानं, आणि सगळा मान कुणाला, तर अंतरपाट धरणाऱ्याला. शेठ हसले. सल्लागारानं अंतरपाट म्हणजे काय ते शेजारच्याला हळूच विचारलं.

“पान काढा,” शेठ शेवटी म्हणाले. लंच बॉक्सचा नमुना समोर होता आणि डबा दिसायला देखणा होता.

“मी नाही काढणार.”

बैठकीत असं कुणी म्हणत नाही. बघते, करते, विचार करते, असं म्हणायची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी मी वेबसाइटच्या मागच्या दारानं, म्हणजे आम्ही पानं लिहितो तिथून, आत शिरले, तर माझी बहुतेक बटणं गेलेली. आता मी लिहू शकत होते, पण छापू शकत नव्हते, काढू शकत नव्हते. हुद्दा तोच, पगार तोच, फक्त किल्ल्या काढून घेतलेल्या. मावशींच्या पानाच्या जागी डब्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, सह्याद्रीच्या कुशीत भोजनाचा आनंद घ्या.

काही आठवड्यांनी मी सुटीच्या दिवशी वाडीत गेले. मावशींनी चहा टाकायच्या आधी आपला फोन माझ्या हातात दिला. “बिघडलाय का काय, बग जरा. वाजतच न्हाई.”

मी माझ्या फोनवरून त्यांना लावून पाहिला. हातातला फोन खणखणीत वाजला.

“फोन चांगला आहे मावशी. पान काढलंय.”

“कुनी?”

“शिकलेल्या माणसांनी.”

“तू बी शिकल्यालीच हाईस की,” त्या म्हणाल्या आणि आधणात साखर टाकली.

परतताना कामशेतपर्यंत मला ते वाक्य टोचत राहिलं. माझा स्वतःचा एक ब्लॉग होता. पुस्तकांबद्दल लिहायचे मी त्यावर. वाचणारे इतके थोडे की सगळ्यांना एकाच पंगतीत बसवता आलं असतं. त्या रविवारी मी ते पान पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा रोखठोक. ढग असेल तर येऊ नका. स्पीकर आणू नका. मेनू कार्ड मागू नका. पाटीचा फोटो, खिंडीचा नियम. आणि शेवटी एक ओळ: राहायचं असेल तर लोणावळ्यात आमचं हॉटेल आहे, तिथे खोल्या स्वच्छ आहेत आणि दुपारचा डबा घेतलाच पाहिजे असं नाही. खाली हॉटेलचा दुवा दिला. काउंटरवरच्या मुलींना सांगितलं, कुणी विचारलं तर हा पत्ता द्या. त्या तशाही डब्याच्या तक्रारी ऐकून कंटाळल्या होत्या.

हिवाळ्यातल्या एका बैठकीत सल्लागार खुशीत होता. तक्त्यावर एक नवीन नाव वर चढलं होतं. कुठल्याशा ब्लॉगवरून येणारे लोक सगळ्यात जास्त वेळ थांबत होते आणि मधल्या वारच्या खोल्या घेत होते. “असा पार्टनर विकत घेऊनही मिळत नाही, सर. आपण त्यांच्याशी बोललं पाहिजे.”

“कोण आहे हा?” शेठनी विचारलं.

“मी,” मी म्हणाले.

सल्लागारानं तक्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जाकिटाची चेन वर ओढली. शेठनी फोन काढून ते पान उघडलं आणि सावकाश शेवटपर्यंत वाचलं. डब्याच्या ओळीवर त्यांचा अंगठा थांबला.

“मॅडम, हे आपल्या साइटवर परत घ्या. तुमचे अधिकारही परत देतो.”

“अधिकार द्या. पान तिथेच राहील.”

“आणि मी आणाच म्हणालो तर?”

“तर आज ना उद्या त्यावर परत बटण बसेल, शेठ. शब्द माझे आहेत, फोटो माझा आहे. हॉटेलची एक ओळ आहे खाली, ती हवी तर काढते.”

ती ओळ काढा असं ते म्हणाले नाहीत. डबा बंद करा असंही म्हणाले नाहीत. तो नंतर आपोआप बंद पडला आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळालं नाही. शेठ एवढंच म्हणाले, “बघू तरी काय आहे तिथे. बुधवारी जाऊ. एक वाजता चौघांचं सांगून ठेवा.”

मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. मावशींना सांगितलं, बुधवारी आमचे मालक येतायत, चार माणसं, एक वाजता.

“येऊ द्या की,” मावशी म्हणाल्या. “खिंडीत आल्याव फोन करा म्हनावं.”

“मावशी, मालक आहेत.”

“व्हय, ऐकलं. मालकाला खिंड लागत न्हाई व्हय?”

बुधवारी ऊन होतं. खिंडीत शेठनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मी शेजारी असून त्यांनी माझ्याकडे नंबर मागितला नाही. माझं पान उघडलं, पाटीचा फोटो बोटांनी मोठा केला आणि एकेक आकडा दाबत स्वतः फोन लावला.