इंग्लंडातली आखाजी

मी तेव्हा अमळनेरच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते आणि त्याचा मला नको तेवढा ताठा होता. घरात आई आणि मी, दोघीच. भाऊ सदुसष्ट साली इंग्लंडला कारखान्यात कामाला गेला. निघताना आईशी त्याचं कडाक्याचं भांडण झालं. रागाच्या भरात ती बोलून गेली, "जाशी तं मांगे वळीसन पाहू नको." तोही तिच्याच पोटचा! खरंच वळून न पाहता टांग्यात बसला.

पत्रं मात्र यायची. निळी, घडीची. त्यांत स्वतःविषयी फारसं नसायचं, सगळं तिथल्या सणांचं. मी वाचायची, आई ऐकायची. नोव्हेंबरात गावोगावी एका राजद्रोह्याचा पुतळा जाळतात, असं आलं की ती म्हणे, "हाई तं होळीच शे!" चाळीस दिवसांचा उपास लागायच्या आदल्या दिवशी घरोघर धिरडी करून खातात. "आधीच खाई लेतस? श्यान्या शेतस बाया!" त्या दिवशी ती किती दिवसांनी हसली होती. नाताळचं पत्र आलं आणि हसू पळालं. बस बंद, दुकानं बंद, जो तो आपल्या घरी. याने खोलीवर पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. "सणना दिन पोर एकला जेवना," म्हणून तिने पुढचं ताट सारलं.

मग त्या मार्चातलं पत्र आलं. तिथे एक रविवार आईचा असतो. पूर्वी दूरच्या घरी चाकरीला राहिलेल्या पोरींना त्या दिवशी सुट्टी मिळायची. वाटेवरची रानफुलं तोडत त्या आईकडे जायच्या. अजूनही लोक जातात. शेवटी लिहिलं होतं, "मी खोलीवरच होतो."

मला ती माहिती वाटली. आईने तेवढंच पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "तेसनी आखाजी शे ती."

आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, खानदेशातला लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. पण लेक आपली आपण येत नाही. माहेराहून कुणीतरी मुराळी म्हणून न्यायला जावं लागतं, तेव्हा ती निघते.

"आखाजीले पोर आपली आपली येस का?" आई म्हणाली. "लेवाले जावं लागस. तेले कोनी लेवाले गयं नही. तू लिख, आखाजीले ये, माय बलावस."

मी लिहिलं नाही. आज खोटं कशाला बोलू? माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. गेला तो लाडका, आणि मी इथे पाणी भरते, तिचे पाय चेपते, माझ्यासाठी कधी डोळ्यांत टिपूस नाही! मी लिहिलं, "इकडे सर्व क्षेम आहे. तिकडच्या चालीरीती वाचून करमणूक झाली." आणि तिला वाचून दाखवताना तिने सांगितलेलं सगळं तोंडानेच त्यात घातलं. तिने पत्राला हात लावून कपाळाला लावला.

त्या आखाजीला तिने खापरावरच्या पुरणपोळ्या जास्तीच्या केल्या. संध्याकाळच्या एस.टी.च्या वेळी ओट्यावर जाऊन बसली. पुढच्या आखाजीलाही बसली. त्याच्यानंतरच्या पौषात न्यूमोनियाने गेली. तोवर भावाची पत्रंही कमी कमी होत गेली होती.

तार केली. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं, पण आखाजीपर्यंत राहिला. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. आईची पहिलीच. त्याने स्वतः विहिरीवरून पाणी आणलं, घागरीवर खरबूज ठेवलं आणि तिथेच बसून राहिला.

"तिने एकदा 'ये' म्हटलं असतं ना," तो म्हणाला, "तर मिळेल ती बोट पकडून आलो असतो. मी होऊन कुठल्या तोंडाने येणार होतो? त्या रविवारचं मी मुद्दाम लिहिलं होतं गं. तिला कळलंच नाही वाटतं."

आता तरी सांग, असं मन ओरडत होतं. मी घागरीवरचं खरबूज उगाच सरळ केलं.

"नसेल कळलं," मी म्हटलं.