गच्चीवरचं ऊन

यजमानांची रेल्वेत बदली होऊन आम्ही जयपूरला निघालो, तेव्हा भुसावळची माणसं म्हणाली, तिथं उन्हाला तोटा नाही. खरंच नाही. पण विद्याधर नगरातल्या आमच्या इमारतीत ऊन होतं गच्चीवर, आणि गच्ची होती बायकांच्या ताब्यात.

थंडीत इथे मंगोड्या घालतात. मूगडाळ भिजवून वाटायची आणि तिचे बारके सांडगे चादरीवर टाकून उन्हात वाळवायचे. घरटी एक बाई हाताखाली येते. पहिल्या वर्षी मीही हौसेने गेले. बाह्या वर सारल्या आणि कोपरांवरचे सोरायसिसचे लाल, खपल्यांचे चट्टे सगळ्यांना दिसले. तळमजल्यावरच्या मास्तरीणबाई, विज्ञान शिकवतात बरं का, माझ्या पुढ्यातलं पातेलं ओढून घेत गोड आवाजात म्हणाल्या, "भाभीजी, आप रहने दो. आप तो नीचे आराम करो."

हा रोग शिवल्याने पसरत नाही, हे मी सांगितलं. "हाँ हाँ, हमें पता है," म्हणत त्यांनी चादरही हातभर लांब सरकवली. इतकं सगळं ठाऊक असलेल्या बायका मी उभ्या जन्मात पाहिल्या नव्हत्या.

गच्ची सुटली. लांब बाह्यांचे ब्लाउज, वर शाल, आणि दिवसभर घर. पुढे सांधेही धरले. सोरायसिस सांध्यांतही उतरतो, हे तेव्हा कळलं. यजमान म्हणायचे, "कशाला वाद? राहायचंय आपल्याला इथं." राहायचं त्यांना, लपायचं मला.

गेल्या डिसेंबरात न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळले, हात टेकला आणि मनगट मोडलं. एवढ्याशा पडण्याने मोडलं म्हणून डॉक्टरांनी तपासण्या करायला लावल्या. हाडं विरळ झालेली, व्हिटॅमिन डी तळाला गेलेलं. अंगातली जुनी सूज, मधून मधून घेतलेली स्टेरॉइडं, थांबलेलं हिंडणंफिरणं, सगळ्यांनी मिळून हाडं पोखरली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शिवाय कातडी भाजू न देता रोज थोडं ऊन घ्या म्हणून बजावलं. पुन्हा पडलात तर खुबा जाईल, म्हणाले. मला तिथेच रडू आलं, दुखण्याचं नव्हे, संतापाचं.

मग इमारतीतल्या बायका समाचाराला आल्या. मास्तरीणबाई सर्वांत पुढे. "भाभीजी, आप धूप में बैठा करो ना. हड्डियों के लिए अच्छी होती है."

"कहाँ बैठूँ?" मी विचारलं.

"आपकी बालकनी है ना!"

आमची बाल्कनी उत्तरेला आहे. थंडीत तिथे उन्हाची तिरीपही येत नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते राजस्थानात येऊन कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यजमानांना म्हटलं, "खुर्ची घ्या, वर चला."

"अगं, आज मंगोड्या घालतायत त्या."

"म्हणूनच चला."

त्यांनी मुकाट्याने खुर्ची गच्चीच्या मधोमध ठेवली. प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून मी बसले आणि बाह्या वर सारल्या. मास्तरीणबाईंनी डोळ्यांनी खुणावलं, तशी चौघींनी चार टोकं धरून ओल्या मंगोड्यांची चादर उचलली आणि पाण्याच्या टाकीमागे सावलीत नेऊन अंथरली. सावलीत मंगोड्यांना बुरशी धरते, हे त्यांतल्या प्रत्येकीला माहीत होतं. धरू दे. मला माझा खुबा वाचवायचा होता.